समान पर्स की खुला खर्च? लीग उभी करण्याआधी

जिल्ह्यात कबड्डीची किंवा क्रिकेटची लीग उभी राहते, तेव्हा पहिल्याच बैठकीत वाद होतो तो पैशावरून. सगळ्या संघांना सारखी पर्स, म्हणजे खेळाडू घ्यायला ठरलेली रक्कम, द्यायची, की ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याने खर्च करायचा?

खुला खर्च कुठे नेतो, हे जर्मनीच्या बुंडेसलिगा या फुटबॉल लीगमध्ये दिसतं. तिथे पगारावर मर्यादा नाही. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ विजेतेपदं घेतली. जिंकलं की चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा पैसा येतो आणि त्या बळावर प्रतिस्पर्ध्याचेच खेळाडू आणता येतात. गोट्झं, लेवांडोवस्की, हुमेल्स हे तिघंही प्रतिस्पर्धी डॉर्टमुंड संघातून बायर्नकडे गेले. ही साखळी २०२३-२४ मध्ये तुटली, तीही लेव्हरकुसेनचा संघ लीगमध्ये अख्ख्या हंगामात एकही सामना हरला नाही तेव्हा! तरी या पद्धतीची एक बाजू भक्कम आहे. खेळाडूला त्याचा खरा बाजारभाव मिळतो, आणि बायर्नसारखा संघ २०१३ व २०२० मध्ये चॅम्पियन्स लीगही जिंकतो.

समान पर्समध्ये पैशाऐवजी पारख मोजली जाते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाकडे ५ कोटी होते. तेलुगू टायटन्सने त्यातले २.६०५ कोटी एकट्या पवन सेहरावतवर लावले आणि २२ पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला राहिले. पुणेरी पलटणनेही शादलूसाठी २.३५ कोटी मोजले होते, पण त्यांच्याकडे अस्लम इनामदारसारखे आधीपासून घडवलेले, राखून ठेवलेले तरुण होते. विजेतेपद पुण्याला मिळालं. एकाच रकमेचे हे दोन शेवट पाहिले की कळतं: पर्स समान केल्याने संघ समान होत नाहीत, फक्त चुकीची भरपाई पैशाने करता येत नाही.

मात्र हा समतोल खेळाडूंच्या खिशातून येतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. आयपीएलचे २०२३-२७ चे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ साठी १० संघांची पर्स प्रत्येकी १२० कोटी, एकूण १,२०० कोटी. खेळाडूला सामन्यामागे मिळणारे साडेसात लाख त्यात मिळवले, तरी खेळाडूंचा वाटा या एकाच उत्पन्नाच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास राहतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्येही पगारावर कडक मर्यादा आहे, पण ती खेळाडू संघटनेशी करार करून महसुलाशी बांधलेली असल्याने निम्म्याच्या जवळपास रक्कम खेळाडूंकडे जाते. मर्यादा घालायचीच असेल तर अशी घाला.

दुसरा धोका पळवाटांचा. २०१० च्या आयपीएल लिलावात बोली ७.५ लाख डॉलरवर थांबवायचा नियम होता. पोलार्डसाठी अनेक संघ तिथे अडकले, मग बंद पाकिटातल्या बोलीने निकाल लागला आणि जास्तीची रक्कम पर्समधून वजाच झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्मने दुहेरी हिशेब ठेवून मर्यादा मोडली. २०१० मध्ये त्यांची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली.

सहा-आठ संघांच्या आणि तळाचा संघ खालच्या लीगमध्ये घसरत नाही अशा लीगला आमची पसंती समान पर्सला. फक्त नियम आधीच लिहून ठेवा. समजा, पर्स १ लाख गुण, १२ खेळाडू, मूळ किंमत २,०००. पहिल्या खेळाडूवर कमाल बोली १,००,००० वजा ११ गुणिले २,०००, म्हणजे ७८,०००. प्रत्येक खरेदीनंतर हा आकडा पुन्हा काढून फलकावर लावा, नाहीतर शेवटी एखाद्या संघाकडे सात खेळाडूच उरतात. ७८,००० ची बोली नियमात बसते, पण ती संघ बुडवते. म्हणून एका खेळाडूवर ३० टक्क्यांची वेगळी मर्यादा ठेवा. किमान खर्चही ठरवा. २०२२ च्या आयपीएल लिलावात ९० कोटींपैकी ६७.५ कोटी खर्चणं बंधनकारक होतं. ही अट नसेल तर एखादा मालक पैसे वाचवायलाच संघ काढतो.

तालुक्यातून जिल्ह्यात बढती-घसरण ठेवणार असाल, तर सक्तीची पर्स टिकत नाही. वर आलेल्या संघाला पर्समध्ये बसण्यासाठी निम्मी माणसं सोडावी लागतात. तिथे खर्च खुला ठेवा आणि त्याऐवजी प्रायोजकांचा व तिकिटांचा निम्मा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटा.