वस्तीच्या आठवणींची कार्यशाळा: करावी, पण दुरुस्त्या हव्यात

उत्तर नागपुरात चालणारी मौखिक इतिहासाची ही दोन रविवारांची कार्यशाळा करण्यासारखी आहे. दहा-बारा जणांचा गट, शिकवणारे वस्तीतलेच.

सगळ्यात भक्कम भाग मुलाखतीचा. थेट प्रश्न न विचारता वस्तू पुढे ठेवायला शिकवतात: एम्प्रेस मिलचा जुना पास, रेशनकार्ड, 14 ऑक्टोबर 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षेला नेसलेली पांढरी साडी. वस्तू हातात आली की आजी आपसूक बोलू लागतात. सालं चुकतातच, ती लग्न, बाळंतपण, मिलचा संप अशा खुणांशी जुळवायची. घरातले पुरुष शेजारी बसले तर बायका गप्प होतात, म्हणून बाईची मुलाखत बाईनेच, स्वतंत्र घ्यायची.

रेकॉर्डिंगचा धडा मात्र अपुरा. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत आवाज बुडतो आणि दुपारी तो बंद ठेवायला कुणाला सांगणार? मुलाखत सकाळी सातलाच घ्यावी, फोन हातभर अंतरावर आणि दुसरा फोन जोडीला.

आठवणींवरून विहीर, बुद्धविहार, जुन्या गल्ल्यांचा नकाशा काढतात, हे फार मोलाचं. पण राहत्या जागेच्या मालकी पट्ट्यासाठी, म्हणजे हक्काच्या कागदासाठी, नुसती आठवण पुरत नाही. सोबत वीजबिल, मतदारयादी लावावी लागते, हे इथे स्पष्ट सांगतात.

आणखी खटकलं ते असं: जुलै 1942 मध्ये याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली, तिचा उल्लेखही नाही. संमतीही एकदाच घेतात. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर ती पुन्हा घ्यायलाच हवी.