चेक वैद्यकीय कागदपत्रं इंग्रजीत : शिक्का, एजन्सी की एकटा जाणकार?

पुण्याहून स्कोडाच्या कामासाठी चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावला गेलेलं माणूस तिथे अ‍ॅडमिट झालं, तर डिस्चार्जचा कागद चेक भाषेतच मिळतो. इथल्या डॉक्टरांना आणि विमा कंपनीला मात्र तो इंग्रजीत लागतो. आता तो द्यायचा कुणाकडे?

बहुतेक जण आधी कोर्टमान्य भाषांतरकार शोधतात. चेक न्याय मंत्रालयाची यादी ऑनलाइन बघता येते. 2021 पासून त्यात लेखी भाषांतरकार आणि दुभाषे वेगळे आहेत. पण या भाषांतरकारांचा गोल शिक्का वैद्यकीय ज्ञान तपासून मिळत नाही. विमा कंपनीने प्रमाणित प्रत लेखी मागितली असेल तरच या वाटेने जा.

एजन्सीचा उपयोग मोठ्या कामाला. क्लिनिकल ट्रायलची संमतीपत्रं, औषधांची माहितीपत्रकं अशी शेकडो पानं असतील तर एजन्सीच बरी. आयएसओ 17100 हे भाषांतर सेवेचं मानक पाळणाऱ्या एजन्सीत भाषांतर दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून पाहणं बंधनकारक असतं. चार पानांच्या रिपोर्टसाठी मात्र मधल्या दलालीचे पैसे का द्यायचे?

अशा रिपोर्टला माझं मत वैद्यकीय मजकुरावरच काम करणाऱ्या फ्रीलान्सरला. प्रागमधली जेटीपी ही दुभाषे-भाषांतरकारांची संघटना 1990 पासून आहे, ब्रिटनमध्ये आयटीआय नावाची तशीच संघटना आहे; शोध तिथून सुरू करा. दर विचारताना एकक विचारा. चेक लोक 'नॉर्मोस्त्राना'वर, म्हणजे स्पेस धरून 1800 अक्षरांच्या पानावर, हिशेब करतात. आपल्याकडे तो शब्दावर होतो.

खरी कसोटी संक्षेपांची. चेक रिपोर्टमध्ये 'आरए' म्हणजे घरच्यांच्या आजारांचा इतिहास आणि 'ओए' म्हणजे रुग्णाचा स्वतःचा. ही अक्षरं तशीच ठेवली तर इथले डॉक्टर त्यांचा अर्थ ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि ऑस्टिओआर्थ्रायटिस असा घेऊ शकतात. नुसतं 'अंगीना' लिहिलं असेल तर तो टॉन्सिलचा आजार, हृदयाचा नव्हे. 'सीएमपी' म्हणजे स्ट्रोक. शिवाय चेकमध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात : 2,5 मिलिग्रॅममधला तो निसटला की डोस दहापट.

म्हणून नाव आणि ओळख क्रमांक झाकून रिपोर्टच्या पहिल्या दहा ओळी नमुन्यादाखल करून घ्या, आणि त्याचे पैसे द्या. संक्षेप उलगडून लिहिले आहेत का ते बघा. मोफत मशीन भाषांतर घरच्यांना अंदाज यावा एवढ्यापुरतं ठीक, पण त्यावर औषधं ठरवू नका.

काम हातात आलं की निदानाशेजारचे कोड मूळ प्रतीशी ताडून घ्या. ते आंतरराष्ट्रीय असतात. 'आय21' म्हणजे हार्ट अटॅक, हे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना चेक न येताही तपासता येईल.