खाऱ्या पाण्याचा टँक: नुसते मासे की सोबत प्रवाळही?

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. ठाण्यातल्या आमच्या हॉलमध्ये हा एकच काचेचा टँक गेली नऊ वर्षं उभा आहे. पहिली चार वर्षं त्यात नुसते मासे होते. नंतरची पाच वर्षं मऊ प्रवाळ, म्हणजे ज्याला दुकानात सॉफ्ट कोरल म्हणतात ते, आणि त्यांच्यासोबत मोजके सहा मासे आहेत. काच तीच, स्टँड तोच, दगड आणि वाळू वगळता भरलेलं पाणीही तितकंच, साधारण २०० लिटर. त्यामुळे तुलना करायला मला बरं पडतं.

गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात येऊ पाहणारे बहुतेक जण खर्च विचारतात. खर्चाचं बोलूच, पण मला कुणी हे आधीच सांगायला हवं होतं: माशांच्या टँकमध्ये चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो आणि औषधही घालता येतं. प्रवाळ आले की या दोन्ही गोष्टी हातातून जातात. हे मान्य असेल तरच प्रवाळांकडे वळा.

तिसरा पर्याय नाहीच

परदेशातले व्हिडिओ बघून अनेकांच्या मनात ॲक्रोपोराची फांदी किंवा पिवळा-हिरवा ब्रेन कोरल भरलेला असतो. हे दगडी प्रवाळ, म्हणजे चुन्याचा कडक सांगाडा बांधणारे, आणि भारतात सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. फायर कोरल, काळं प्रवाळ, सी फॅन आणि ऑर्गन पाइप कोरल यांनाही तेच संरक्षण आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं आणि वर दंड. "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" असं दुकानात सांगतात. त्या भरवशावर राहू नका.

मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती सापडल्या होत्या. त्या नुसत्या दुसरीकडे हलवायलाही महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये ते काम झालं. आपल्या दारातल्या समुद्रात प्रवाळ आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि फार आनंद झाला. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला पांढरा जाळीदार तुकडाही याच कायद्यात येतो. तो मेलेला असला तरी टँकमध्ये सजावटीला आणू नका.

लेदर, मशरूम, झोअँथिड हे नेहमीचे मऊ प्रवाळ वरच्या गटांत मोडत नाहीत. तरीही घेताना पक्कं बिल आणि आयातीचे कागद मागा. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. तेव्हा खरी निवड दोनच गोष्टींत उरते: नुसते मासे, किंवा मासे आणि मऊ प्रवाळ.

मे महिना

आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात दुपारी ३२ अंश असतात. पंपांच्या उष्णतेने टँकचं पाणी त्याहून एखादा अंश वरच जातं. बहुतेक मासे २९-३० अंशांपर्यंत सहज आणि दुपारपुरतं त्याहून थोडं वरही निभावून नेतात, मात्र पाण्यात हवा भरपूर खेळती हवी, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

प्रवाळांचं तसं नाही. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाचं पोट बऱ्याच अंशी त्यावरच भरतं. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. म्हणून २५-२६ अंश धरून ठेवायचे, तेही बारा महिने.

पाण्यावर पंखा लावून भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो, म्हणजे हवा कोरडी असेल तरच तो कामाचा. पुण्यात माझ्या मेव्हण्याच्या टँकमध्ये एप्रिलमध्ये नुसत्या पंख्याने तीन-साडेतीन अंश उतरतात. ठाण्यात मला कधी दोनच्या वर उतार मिळाला नाही, आणि जूनच्या दमट हवेत तर एक अंश मिळवतानाही मारामार. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल आणि प्रवाळ ठेवायचे असतील तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागेलच, असं धरून चाला. सगळ्या सामानात महाग तोच. माझा चिलर साधारण १५० वॉटचा आहे. मे आणि ऑक्टोबरमध्ये दिवसाला दहा-बारा तास चालतो, म्हणजे रोजची दीड ते पावणेदोन युनिट. प्रवाळांचा १०० वॉटचा दिवा नऊ तास लावला की आणखी ०.९ युनिट. माशांच्या टँकवर मी ३० वॉटची पट्टी लावत होतो आणि चिलर नव्हताच. आपल्या बिलाचा दर घेऊन गुणाकार करा, फरक लगेच दिसेल.

पाणी आणि तांबं

मीठ दोन्हीकडे सारखंच लागतं. लिटरमागे साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला पहिल्या भरणीचे साडेसात किलो, आणि आठवड्याला २० लिटर पाणी बदललं तर दर वेळी पाऊण किलो. हे खास मत्स्यालयाचं मीठ असतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

पण मीठ कालवायचं कोणत्या पाण्यात, इथे वाटा वेगळ्या होतात. माशांच्या काळात मी घरच्या आरओचं पाणी बिनधास्त वापरत होतो, मासे टुणटुणीत होते. प्रवाळ आणल्यावरही तेच चालू ठेवलं. तीन महिन्यांनी गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या, मग कोळंबी गेली, मग झोअँथिडची फुलं मिटली ती उघडेचनात. क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण), तापमान, अमोनिया सगळं तपासलं, सगळं ठीक. शेवटी एक दिवस स्वयंपाकघरात पाणी भरताना आरओवरच्या स्टिकरकडे लक्ष गेलं. त्यात तब्येतीसाठी तांबं मिसळणारं काडतूस होतं. माणसाला जे चांगलं म्हणून विकतात, ते कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना थोड्या मात्रेतही विष आहे.

हे साचतं कसं, ते समजून घ्या. टँकमधून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं, पण उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं, तांबंही मागेच राहतं. आपण रोज नवं पाणी ओतून थोडं थोडं तांबं वाढवत राहतो. आता मी शून्य टीडीएसचं, म्हणजे ज्यात काहीच विरघळलेलं नाही असं, पाणी देणारा वेगळा फिल्टर लावला आहे. घरच्या आरओत चवीसाठी थोडं नळाचं पाणीही परत मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा टीडीएस ४०-५० तरी येतोच. माशांना चालतं, प्रवाळांच्या टँकमध्ये मात्र हिरव्या-तपकिरी शेवाळाला आयतं खत मिळतं.

याच कारणाने गणपतीला गावी जाताना माझा जीव टांगणीला लागायचा. सात दिवसांत वीस-एकवीस लिटर पाणी उडालं तर हजारी ३५ असलेली क्षारता ३९ च्या आसपास जाते. नुसते मासे असताना शेजारच्या काकांनी एक दिवसाआड बादलीभर साधं पाणी ओतलं की काम भागायचं, थोडं कमीजास्त झालं तरी मासे खपवून घ्यायचे. प्रवाळांसाठी आपोआप पाणी भरणारा तरंगता स्विच आणि साठ्याची टाकी घ्यावी लागली. तुमचं घर वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर बंद राहत असेल तर हा मुद्दा चिलरइतकाच मोठा समजा.

मासा आजारी पडला तर

माझ्या मते निर्णय इथे व्हायला हवा.

खाऱ्या पाण्यात आज ना उद्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतोच. माशाच्या अंगावर रवा चिकटल्यासारखे कण दिसतात, मासा दगडाला अंग घासतो, कल्ले जोरात हलतात. हा परजीवी आहे आणि त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मोजून दिलेलं तांब्याचं औषध. दुसऱ्या वर्षी माझ्या टँकमध्ये तो आला तेव्हा मी औषध थेट टँकमध्येच घातलं. टोमॅटो क्लाउन आणि दोन्ही डॅमसेल मासे वाचले. त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी प्रवाळ आणायचं ठरवलं तेव्हा मात्र ते सगळे दगड आणि वाळू काढून टाकावी लागली, कारण चुनखडीचे दगड तांबं धरून ठेवतात आणि ते कधी परत सोडतील याचा नेम नाही. चार वर्षं पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या जिवंत जीवाणूंनी भरलेले ते दगड पोत्यात भरताना फार वाईट वाटलं.

प्रवाळांच्या टँकमध्ये हा पर्यायच नाही. मासा आजारी पडला की त्याला पकडायचं, पण दगडांच्या कपारीतून मासा पकडणं म्हणजे अर्धा टँक उकलणं. मग सगळे मासे वेगळ्या छोट्या टँकमध्ये न्यायचे, तिथे औषध द्यायचं आणि मोठा टँक अडीच महिने माशांविना ठेवायचा, म्हणजे परजीवी उपाशी मरतो. यातून सुटायचं तर प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवण्याची शिस्त हवी. घरात दुसऱ्या छोट्या टँकला जागा नसेल किंवा तेवढा धीर नसेल, तर प्रवाळ आणू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तुम्हाला नक्की काय बघायचंय?

नुसत्या माशांचा टँक म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, असा एक समज आहे. तो मला मुळीच पटत नाही. माझ्याकडे एक बुटका लायनफिश होता. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की काचेशी येऊन, पिसारा पसरून उभा राहायचा आणि चिमट्यातून कोळंबीचा तुकडा घ्यायचा. त्याला मी ओळखीचा होतो, असं मला आजही वाटतं. पफर, ट्रिगर यांच्यातही असाच जीव लावणारा स्वभाव असतो, फक्त ते मोठे होतात, त्यांना चार फूट पुरत नाहीत. प्रवाळ आणले की ही मंडळी बाद. पफर आणि ट्रिगर प्रवाळ-गोगलगायी कुरतडतात, बरेचसे बटरफ्लायफिश प्रवाळांची तोंडं वेचून खातात, लायनफिश कोळंबी आणि छोटे मासे गिळतो.

प्रवाळांच्या टँकमध्ये जे दिसतं ते निराळं. सकाळी साडेनऊला निळा दिवा लागतो. लेदर कोरल तेव्हा नुसता पिवळट गोळा असतो. पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या टोपीवर एकेक बारीक तंतू वर येतो आणि सगळी टोपी प्रवाहात डोलायला लागते. खाली वाळूत गोबी मासा आणि पिस्तुल कोळंबीची जोडी राहते. कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही. ती बिळातली वाळू बाहेर ढकलत असते आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघंही आत. माझी मुलगी पहिलीत असल्यापासून हे बघतेय, अजून कंटाळली नाही.

लहान मुलं असतील तर दोन्हीकडचा धोकाही जाणून घ्या. लायनफिशच्या काट्यांत विष असतं आणि डंख फार ठणकतो. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, त्यांचा दगड उकळू नका, गरम पाण्याने घासू नका, कारण वाफेतून किंवा उडालेल्या थेंबातूनही बाधा होते. मी आता झोअँथिड ठेवतच नाही. मशरूम आणि लेदरवर माझं समाधान आहे.

तपासण्यांचं म्हणाल तर फार फरक नाही. पहिले चार ते सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दोन्हीकडे थांबावंच लागतं. पुढे माशांच्या टँकमध्ये नायट्रेट लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅमपर्यंत गेलं तरी चालतं. मऊ प्रवाळांसाठी मी ५ ते १५ ठेवतो आणि त्याशिवाय आठवड्यातून एकदा क्षारीयता (पाण्याची आम्लता रोखून धरण्याची ताकद, मिठाची क्षारता वेगळी) बघतो. दगडी प्रवाळ नसल्याने कॅल्शियमचे थेंब रोज मोजायची कटकट नाही.

मी काय सुचवेन

भाड्याचं घर, दर दोन वर्षांनी बदल, कामामुळे बाहेरगावी जाणं: नुसते मासे. स्वभाव असलेला एखादा मासा पाळायची आस असेल तरीही नुसते मासे. घरात रोज कुणीतरी असतं, चिलरचा खर्च झेपतो, दुसऱ्या टँकला जागा आहे आणि एखादा प्रवाळ सहा महिन्यांत फक्त दोन इंच वाढलेला बघण्यात तुम्हाला आनंद आहे: मऊ प्रवाळ. दोन्हीकडे क्लाउनफिश घेणार असाल तर हॅचरीत जन्मलेलेच घ्या. आपल्या देशात त्यांची पैदास होते, नवी मुंबईतल्या ऐरोलीतही त्यावर काम झालं आहे. हे पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून कोरडं खाणं खातं आणि समुद्रातून पकडलेल्यापेक्षा फार टणक असतं.

मन दोन्हीकडे ओढत असेल तर माशांपासून सुरुवात करा, पण तीन गोष्टी पहिल्या दिवशीच करून ठेवा. स्टँडच्या मागे चिलरच्या दोन नळ्या जातील एवढी भोकं पाडून घ्या. तांबं नसलेलं, शून्य टीडीएसचं पाणी वापरा. आणि औषध लागेल तेव्हा वापरायला दोन फुटी साधा टँक, एक हीटर आणि एक स्पंज फिल्टर माळ्यावर तयार ठेवा, म्हणजे तांब्याचा एक थेंबही मोठ्या टँकमध्ये पडायची वेळ येणार नाही.