पंधरा सीझन आणि कॅज्युअल्टीची इन्चार्ज

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे घरात बसायचं होतं. भाचीने 'ईआर' या कॅज्युअल्टीवरच्या अमेरिकन मालिकेच्या पंधराही सीझनच्या डीव्हीडी आणून टेबलावर रचल्या. "मावशी, सव्वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलीस, आता दुसऱ्यांची कॅज्युअल्टी बघ. चुका काढायला तुला आवडतंच." एकूण ३३१ भाग. सहा आठवड्यांत कुठले संपायला? चार महिने लागले. गुडघा आधी बरा झाला.

डीव्हीडीच का, तर नावं वाचता येतात म्हणून. हल्ली मोबाइलवर मालिका बघताना शेवटची नावं सुरू झाली की पुढच्या भागाची चौकट उडी मारून पुढे येते आणि नावं कोपऱ्यात चिमणीएवढी होऊन जातात. भाची एडिटिंगमध्ये काम करते, तिला याचा भारी राग. पहिल्याच दिवशी तिने सांगून ठेवलं, "नटनट्या बदलल्या की तुला कळेलच. पण एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर कोण आहे तेही बघत जा."

एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा नाहीतर तारखा जुळवणारा, अशी माझी समजूत. या मालिकेत ते नाव दोन अगदी निराळ्या तऱ्हेच्या माणसांना लागलेलं आहे. एक मायकल क्रायटन. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेला लेखक. त्याने १९७४ मध्येच सिनेमासाठी म्हणून ही पटकथा लिहून ठेवली होती. दिग्दर्शक स्पीलबर्ग ती करणार होता, पण मध्येच डायनासोरच्या गोष्टीने त्याला पळवलं, आणि कॅज्युअल्टी राहिली ती १९९४ पर्यंत. मग तीच पटकथा थोड्याफार बदलांनी दोन तासांचा पहिला भाग झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये क्रायटन वारला, तरी शेवटच्या सीझनपर्यंत त्याचं नाव आहे. रोजच्या कामात तो सुरुवातीनंतर फारसा नव्हता. वॉर्डाबाहेर ज्यांच्या नावाची पाटी असते, त्यातला हा प्रकार. मान द्यायचा, पण बेडशीट संपल्या तर त्यांना फोन करायचा नाही.

दुसरा जॉन वेल्स, आणि त्याच्यानंतर गादीवर आलेले लोक. यांना तिकडे शोरनर म्हणतात. आमच्या भाषेत इन्चार्ज सिस्टर. वर्षाची गोष्ट कुठे न्यायची ते ठरवायचं, लेखकांची खोली चालवायची, दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर शेवटचा हात फिरवायचा, कोणाला घ्यायचं आणि कोणाला मारायचं ते बघायचं, एडिटिंगला बसायचं, वाहिनीची बोलणी खायची. आणि हे वर्षाला बावीसेक भागांसाठी. एकाचं शूटिंग चालू, दुसऱ्याचं लिखाण, तिसऱ्याचं एडिटिंग. ड्युटी लिस्ट करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या भागातच या माणसांच्या हातात काय असतं ते दिसतं. कॅरल हॅथवे ही नर्स, आत्महत्येचा प्रयत्न करून स्वतःच्याच कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरून येते. मूळ बेतात ती मरणार होती. मग निर्मात्यांनी विचार बदलला आणि ती सहा सीझन जगली. एका नर्सला कागदावर वाचवलं, म्हणून मी या मंडळींना पुढचं बरंच माफ केलं.

पहिले तीन सीझन वेल्सने स्वतः चालवले. माझ्या मते सगळ्या ढिगातले सोन्यासारखे हेच. पहिल्या सीझनमधला बाळंतपणाचा भाग मी दोनदा बघितला आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून. गरोदर बाई लघवीच्या तक्रारी घेऊन येते, डॉक्टर ग्रीन लघवीच्या जागी जंतुसंसर्ग म्हणून औषध देऊन घरी पाठवतो. ती परत येते आणि झटके सुरू होतात. पुढे बाळाचा खांदा अडकतो. आवाज बंद केला तो हात बघायला. कोण पाय वर दाबून धरतंय, कोण पोटावर दाब देतंय, कोण रक्त मागवायला पळतंय. प्रत्येक हाताला काम आहे, आणि तरी सगळं हातातून सुटत चाललंय. बाळ वाचतं, आई जाते. असा दिवस माझ्याही वाट्याला आला होता. घरी जाऊन मी भाजी निवडत बसले होते, एवढंच आठवतं. ग्रीन रेल्वेत बसून रडतो.

हे लिहिलं लान्स जेंटिल यांनी, जे स्वतः इमर्जन्सीचे डॉक्टर. दिग्दर्शन मिमी लेडरचं. दोघांनाही एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं. पण मला कौतुक इन्चार्जचं. एरवी ही मालिका तासाभरात आठ-दहा पेशंट फिरवते. इथे जवळजवळ सगळा वेळ एकाच बाईला द्यायचा, आणि तिला मरू द्यायचं, याला वरून कोणीतरी 'हो' म्हणावं लागतं. डॉक्टरांना लेखकांच्या टेबलावर बसवणं हाही असाच निर्णय. जो सॅक्स इमर्जन्सीचे डॉक्टर होते, आणि नील बेअर तर मेडिकल कॉलेजात शिकत असतानाच लिहायला लागले. औषधांची नावं, डोस, कोणी कुठे उभं राहायचं, यात मी चुका शोधायला बसले होते. सापडल्या, पण कमी. सीपीआर देताना कोपर वाकतात. ते जाऊ दे, जिवंत नटाच्या छातीवर जोर कसा देणार!

चौथ्या सीझनपासून लिडिया वुडवर्ड आल्या. वेल्स दुसऱ्या मालिका उभारायला गेला. वुडवर्ड पहिल्या सीझनपासून याच संघात होत्या, म्हणजे ओव्हर, शिफ्ट बदलताना काम सोपवतात तो, व्यवस्थित दिला-घेतला गेला. ओव्हर नीट झाला की पेशंटला शिफ्ट बदललेली कळतही नाही, तसंच इथे. त्यांची पहिलीच सलामी म्हणजे २५ सप्टेंबर १९९७ चा भाग, जो थेट प्रक्षेपित केला. तोही दोनदा, अमेरिकेच्या पूर्वेसाठी एकदा आणि पश्चिमेसाठी पुन्हा. करामत म्हणून ठीक. खरी ताकद सहाव्या सीझनमध्ये, जिथे मनोरुग्णाच्या हातून डॉक्टर कार्टर आणि मेडिकलची विद्यार्थिनी लूसी भोसकले जातात. बाहेर पार्टी चाललीय, गाणं जोरात लागलंय, आणि पडद्यामागे काय झालंय ते कोणाला ठाऊक नाही. आमच्याकडे त्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले.

सातवा ते नववा सीझन जॅक ऑर्मन यांचे. रंग इथे बदलतो. हेलिकॉप्टरं, स्फोट, धावपळ. ऑर्मनना हात आखडून काम करणं ठाऊक नसावं. पण आठव्या सीझनमध्ये ग्रीन ब्रेन ट्यूमरने जातो तेव्हा मालिका पुन्हा दबक्या आवाजात बोलते, आणि तो भाग बघा कोणी लिहून दिग्दर्शित केलाय: वेल्स स्वतः. जुनी इन्चार्ज एका रात्रीपुरती ड्युटीवर आली. चार महिन्यांनी नवव्या सीझनच्या सुरुवातीलाच हेलिकॉप्टरच्या पंख्याने डॉक्टर रोमॅनोचा हात तुटतो. ऑर्मन गेले, दहावा सीझन आला, आणि त्याच रोमॅनोच्या अंगावर अख्खं हेलिकॉप्टर पडतं. मी हसले. माणूस मरतोय आणि मी हसतेय, म्हणजे काहीतरी बिघडलंय. एकाने केलेली चूक दुसऱ्याने ओव्हरमध्ये जशीच्या तशी घेतली.

दहावा-अकरावा तुम्ही हातातलं काम करत बघा. बाराव्यापासून डेव्हिड झेबल. सगळ्यांत जास्त भाग त्यांनीच लिहिले. त्यांच्याबद्दल फार वाईट बोलवत नाही, कारण तोपर्यंत जुनं फारसं कोणी उरलं नव्हतं आणि ओसाड वाड्यात दिवा लावायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. एक माणूस मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठे ना कुठे आहे, ख्रिस्तोफर चुलॅक. आधी निर्माता-दिग्दर्शक, चौथ्या सीझनपासून एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. कॅमेरा स्ट्रेचरच्या मागे दार ढकलत आत शिरतो ती चाल पंधरा वर्षं टिकली, यात या माणसाचा हात असणार असं भाचीचं मत. मला पटलं. इन्चार्ज बदलतात, पण जुनी वॉर्डबॉय मंडळी असतील तर क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या सामानाची ट्रॉली, कुठे आहे ते कोणाला विचारावं लागत नाही.

घ्यायचा असेल तर सगळा संच एकदम घेऊ नका. पहिले सहा घ्या, आठवा घ्या, आणि पंधरावा घ्या. पंधरावा शेवटच्या भागासाठी, २ एप्रिल २००९ चा. लेखन वेल्सचं. दिग्दर्शन रॉड होलकॉम्बचं, ज्याने पहिला भाग केला होता. पहिल्या भागाच्या सुरुवातीला लिडिया नावाची नर्स झोपलेल्या डॉक्टर ग्रीनला उठवायला खोलीत येते. शेवटच्या भागाची सुरुवात तिथेच होते. खोली अंधारी, दार उघडतं, आणि पंधरा वर्षांनी केस पिकलेली तीच लिडिया डॉक्टर मॉरिसला उठवते.

भाची म्हणाली, "मावशी, रिमोट दे, पुढे जाऊ." मी दिला नाही. मागे घेऊन पुन्हा बघितलं. दार उघडताना ती आधी जराशी थांबते. झोपलेल्या डॉक्टरला उठवायच्या आधी आम्ही सगळ्याच तशा थांबतो, अजून अर्धा मिनिट झोपू दे म्हणून.