आयरिश सोडायचं की ठेवायचं? विद्यापीठ प्रवेशाच्या बाजूने

आयर्लंडमध्ये शाळेत सक्तीच्या असलेल्या आयरिश विषयातून सूट मिळण्याच्या जागा दोन आहेत, आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्यामुळे होतो. शाळेतली सूट शिक्षण खात्याच्या परिपत्रकानुसार मुख्याध्यापक देतात. विद्यापीठाची सूट नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड, म्हणजे एनयूआय, देते. शाळेने दिली म्हणून एनयूआयची आपोआप लागू होत नाही. उलट शाळेने नाकारली तरी एनयूआयची मिळू शकते, आणि हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं.

शाळेला जन्म कुठे झाला याच्याशी देणंघेणं नसतं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतचं, किंवा प्राथमिकच्या शेवटच्या वर्षापर्यंतचं शिक्षण देशाबाहेर झालं असेल आणि तिथे आयरिश शिकायची सोय नसेल, तर सूट मिळते. आयर्लंडमधली शाळा सोडून सलग 3 वर्षं बाहेर राहून, 12 पूर्ण झाल्यावर परत आलेल्या मुलालाही मिळते. वाचन किंवा शुद्धलेखनाच्या प्रमाणित चाचणीत दहाव्या पर्सेंटाइलवर किंवा त्याखाली असलेल्या मुलांसाठी वेगळा निकष आहे. मात्र नुसता चाचणीचा आकडा पुरत नाही, शाळेने आधी केलेल्या मदतीची नोंद लागते. नकार आला तर 30 दिवसांत अपील करता येतं.

एनयूआय मात्र जन्मस्थान पाहते. रिपब्लिक ऑफ आयर्लंडच्या (उत्तर आयर्लंड सोडून उरलेल्या देशाच्या) बाहेर जन्म झालेला असला की आयरिशमधून सूट मागता येते. (बेलफास्टही या हिशेबात बाहेरच!) नागरिकत्व नंतर आयरिश घेतलं तरी फरक पडत नाही, पासपोर्टवर जन्मस्थान छापलेलंच असतं.

एकाच घरातली दोन भावंडं घ्या. ताई पुण्यात जन्मली, सातव्या वर्षी डब्लिनला आली. तिला शाळेत आयरिशच्या तासाला बसावंच लागेल, पण एनयूआयची सूट तिच्या हक्काची आहे. धाकटा डब्लिनच्या हॉस्पिटलमध्ये जन्मला आणि तिथेच वाढला. घरात मराठी बोलतात, एवढ्यावर त्याला दोन्हींकडे काही मिळत नाही. तो आठव्या वर्षी नाशिकला गेला आणि तेराव्या वर्षी परतला, तर शाळेच्या प्रमाणपत्राचा रस्ता उघडतो, आणि तेच प्रमाणपत्र जोडून पुढे एनयूआयकडे अर्ज करता येतो.

एनयूआयची ही सूट लागते कुठे? यूसीडी (युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन), यूसीसी (युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क), गॉलवे आणि मेनूथ या चार विद्यापीठांत. तिथे लीव्हिंग सर्टला (शाळेच्या शेवटच्या परीक्षेला) आयरिशमध्ये किमान ओ6 किंवा एच7 लागतो (ओ म्हणजे सामान्य पातळीचा ग्रेड, एच म्हणजे उच्च पातळीचा). ट्रिनिटी, डीसीयू (डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी), लिमरिक या विद्यापीठांची आयरिशची सक्ती नाही. म्हणून मुलाची यादी फक्त ट्रिनिटी आणि डीसीयूची असेल तर एनयूआयच्या सुटीचा उपयोग शून्य.

पण खरा खड्डा इथेच आहे. ट्रिनिटीला इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा उत्तीर्ण लागते, आणि आयरिश ती जागा भरतं (लॅटिनची वेगळी वाट आहे, पण ती किती शाळांत शिकवतात?). लिमरिकलाही आयरिश किंवा दुसरी कुठलीतरी भाषा लागते. म्हणजे आयरिश सोडलं आणि फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश वगैरे काहीच घेतलं नाही, तर एनयूआयची दारं उघडी राहतात आणि ट्रिनिटीचं बंद होतं. मराठी वा हिंदी लीव्हिंग सर्टला विषय म्हणून नाही, त्यामुळे घरची भाषा कामी येत नाही. एनयूआयमध्येही काही कोर्सेसना इंग्रजी-आयरिशपलीकडची तिसरी भाषा लागते: यूसीडीत मेडिसिनला लागते, इंजिनिअरिंगला नाही. जन्मस्थानावरून मिळालेली सूट आयरिशपुरतीच असते. वाचन-लेखनाच्या अडचणीवरून मिळाली असेल तर तिसऱ्या भाषेतूनही सूट मागता येते.

आता गुणांचा हिशेब. सीएओ, म्हणजे कॉलेज प्रवेशाचे अर्ज हाताळणारी मध्यवर्ती संस्था, उत्तम 6 विषय धरते. एच1 चे 100, एच4 चे 66, एच5 चे 56. सामान्य पातळीवर ओ1 चेही 56 आणि ओ6 चे फक्त 12. त्यामुळे सामान्य पातळीचं आयरिश सहसा सातवा विषय बनून राहतं, पात्रतेपुरतं. ज्याला सूट मिळू शकते त्याने त्या तासिका भौतिकशास्त्राला किंवा गणिताला द्याव्यात, हे सरळ आहे. उच्च पातळीवर चांगला ग्रेड येण्यासारखा असेल तर मात्र सोडायची घाई करू नये. 600 पैकी 240 गुण तोंडी परीक्षेचे असतात: अभिवादनाला 5, कवितावाचनाला 35, चित्रमालिकेला 80, संभाषणाला 120. चित्रमालिका आधी तयार करता येते. बोलायला न लाजणारं मूल इथे बरंच कमावतं. घरात दोन-तीन भाषा ऐकत वाढलेल्यांना ही बाजू जड जात नाही असं आमचं मत आहे.

शाळेची सूट नसलेल्यांसाठी एक मधला मार्ग आहे. आयरिश शिकणं सक्तीचं, पण लीव्हिंग सर्टला त्याचा पेपर द्यायलाच हवा असं नाही. मात्र एनयूआयची सूट हातात असल्याशिवाय पेपर टाळू नका. आणि सूट असली तरी सहा विषय भरावेच लागतात. आयरिश वगळून मोजून सहाच ठेवले तर एक पेपर बिघडला की सावरायला जागा उरत नाही. सातवा विषय ठेवा.

प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर ही सगळी चर्चा गैरलागू. तिथे आयरिशमध्ये एच4 लागतो, सूट चालत नाही.

अर्ज एनयूआयच्या संकेतस्थळावर थेट करायचा असतो; सीएओ तो करून देत नाही, शाळाही नाही. जन्मस्थानासाठी पासपोर्टच्या पानाची किंवा जन्मदाखल्याची स्पष्ट प्रत जोडा. आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची: भारतीय पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, शाळेत नुसतं नाव-आडनाव, सीएओवर आणखी तिसरंच. तिन्हीकडे नाव सारखं भरा, नाहीतर नोंदी जुळत नाहीत. सीएओची नेहमीची मुदत 1 फेब्रुवारी. एनयूआयचं काम त्याआधी उरकलेलं बरं, आणि मंजुरीचा ईमेल जपून ठेवा. भाषेचा निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी, माध्यमिक शाळेतल्या पाचव्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म भरताना घ्यावा लागतो. त्या फॉर्मवर फ्रेंच किंवा जर्मनच्या चौकटीत खूण असल्याशिवाय आयरिशवर काट मारू नका.