इंकस्केपचं अ‍ॅपइमेज शेल स्क्रिप्टनं बदलून घेतलं: हंगामभर वापरल्यानंतर

चोपड्यात आमचं छपाईचं दुकान आहे. केळीच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, निवडणूक आली की बॅनर. जुन्या पीसींवर उबंटू (लिनक्स) आणि डिझाइनला इंकस्केप हा चित्रं-अक्षरं मांडायचा मोफत प्रोग्राम. एखादा पीसी फॉरमॅट झाला की फॉन्ट टाका, टेम्प्लेट टाका, पहिल्यापासून तेच. त्यापेक्षा इंकस्केपचं अ‍ॅपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी एकच फाइल, उघडून आपलं सामान आतच भरणारी शेल स्क्रिप्ट (ओळीनं चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली. लग्नसराई तिच्यावरच निघाली.

अ‍ॅपइमेजच्या आत असतं दाबून ठेवलेलं फोल्डर आणि त्याच्या पुढे ते चालवणारा छोटा प्रोग्राम. फाइल चालवताना '--अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' हा पर्याय दिला की 'स्क्वॉशएफएस-रूट' फोल्डर बाहेर येतं. स्क्रिप्ट त्यात लेबलाचं टेम्प्लेट आणि फॉन्ट ठेवते, 'अ‍ॅपरन' या सुरुवातीला चालणाऱ्या फाइलमध्ये दोन ओळी घालते आणि 'अ‍ॅपइमेजटूल' या अ‍ॅपइमेज बांधायच्या प्रोग्रामनं परत बांधते. सगळ्यात आधी जुनं फोल्डर उडवायची ओळ हवीच, नाहीतर मागच्या आवृत्तीच्या फाइली नव्यात मिसळतात. 'आर्च' व्हेरिएबलही (प्रोसेसरचा प्रकार) आधीच ठरवून द्या, म्हणजे टूल मध्येच अडत नाही.

खरी डोकेदुखी फॉन्टची. अ‍ॅपइमेज दर वेळी 'टीएमपी' या तात्पुरत्या जागेत वेगळ्याच नावाच्या फोल्डरवर माउंट होतं (उघडतं), त्यामुळे फॉन्टकॉन्फिगमध्ये, म्हणजे फॉन्ट कुठे शोधायचे ते ठरवणाऱ्या व्यवस्थेत, ठरावीक पत्ता लिहून भागत नाही. म्हणून 'अ‍ॅपरन' आधी 'अ‍ॅपडिर' व्हेरिएबलमधून चालू पत्ता घेतं, त्यावरून छोटी कॉन्फिग फाइल लिहितं आणि मगच इंकस्केप सुरू करतं. त्या फाइलमध्ये सिस्टिमची मूळ फॉन्ट-फाइल जोडायलाच हवी. ती राहिली तर आपलेच फॉन्ट दिसतात, बाकीचे सगळे गायब.

अनपेक्षित फायदा झाला तो वेगळाच. उबंटू २२.०४ पासून 'लिबफ्यूज२' (अ‍ॅपइमेज माउंट करायला लागणारं पॅकेज) आधीपासून बसवलेलं येत नाही, त्यामुळे जुन्या धाटणीची अ‍ॅपइमेजेस डबल-क्लिकला मुकी राहतात. नवा पीसी आला की दुकानातला पोऱ्या हाक मारायचा, "दादा, हाई उघडत नही!" २४.०४ मध्ये तर पॅकेजचं नावही 'लिबफ्यूज२टी६४' झालंय, ते कोण शोधत बसणार? नव्या अ‍ॅपइमेजटूलनं परत बांधलं की पुढचा छोटा प्रोग्रामही नवा बसतो आणि त्याला 'लिबफ्यूज२' लागतच नाही. एवढ्यासाठीही मी ही स्क्रिप्ट ठेवीन.

आता वजाबाकी. परत बांधलेल्या फाइलवर मूळ सही राहत नाही आणि आपोआप अपडेटची माहितीही जाते. नवी आवृत्ती स्वतः उतरवा, स्क्रिप्ट चालवा. आतल्या फोल्डरांची रचना बदलली तर 'सेड'ची (फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या कमांडची) ओळ निमूटपणे काहीच करत नाही आणि चुकीची फाइल तयार होऊन बसते. म्हणून बदल झाला का हे 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या कमांडनं तपासून, नसेल तर तिथेच थांबायची ओळ घातली आहे.

फक्त आपल्या सेटिंग्ज जपायच्या असतील तर एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅपइमेजच्या शेजारी त्याच नावाचं, शेवटी '.कॉन्फिग' असलेलं फोल्डर करा. सेटिंग्ज त्यातच राहतात आणि पेनड्राइव्हवरही बरोबर जातात.

गावातले दोन-तीन जण आमची तयार फाइल मागतात. विकत घेतलेले फॉन्ट आत असतील तर ती देता येत नाही, म्हणून बाहेर द्यायच्या फाइलीत फक्त ओपन फॉन्ट लायसन्सचे, म्हणजे वाटायला मोकळे असलेले फॉन्ट भरतो. त्यासाठी स्क्रिप्टला एक वेगळा पर्याय जोडलाय.