कॅलिपरला रंग लावला, पिस्टन उघडलेच नाहीत

पुढच्या उजव्या चाकावर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं, तर चर्र आवाज होऊन वाफ झाली. कात्रजचा जुना बोगदा ओलांडून शिंदेवाडीकडे उतरताना ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं होतं. दोनदा पंप केलं, जरा भरलं, पुन्हा गेलं. दुसरा गिअर आणि हँडब्रेकच्या जिवावर गाडी कडेला लावली. शेजारी बायको होती. ती एक अक्षर बोलली नाही, यावरून काय ते समजा. आणि याच ब्रेकवर तीन आठवड्यांपूर्वी मी साडेसत्तावीस हजार रुपये मोजले होते.

गाडी मामांची. १९८२ची मर्सिडीज २४०डी, म्हणजे जिला शौकीन लोक डब्ल्यू १२३ म्हणतात ती. मामा गेल्यावर ती तीन वर्षं उभीच होती. इंजिन ठणठणीत, पण पुढचे ब्रेक चिकटायला लागले होते. ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि ते दाबण्याचं काम त्याच्या आतले पिस्टन करतात. एका ओळखीच्याने ‘जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट’ म्हणून एक गॅरेजवाला सुचवला. त्याने चाकाकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, “सर, याचे पार्ट आता येत नाहीत. बाहेरून मागवावे लागतील. चारही पिस्टन नवीन, किट नवीन. साडेअठरा हजार.”

इथेच मी फसलो. या मॉडेलच्या गाड्या कंपनीने १९७६पासून दहा वर्षांत जवळजवळ २७ लाख बनवल्या. त्यांच्या सील किटचा, म्हणजे कॅलिपरमधल्या रबरी रिंगांच्या संचाचा, दुष्काळ नाही. कॅलिपर एटीई कंपनीचे आहेत की बेंडिक्सचे, एवढं बघून सांगावं लागतं, कारण या गाडीला दोन्ही लागलेले असतात. त्याने ते विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ‘मिळत नाही’ म्हटलं की आपण पैसे काढायला तयारच असतो.

दहा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आले. कॅलिपर चंदेरी, चकाचक. मी ते चार जणांना पाठवले, हेही कबूल करतो. फोटो सगळे बाहेरून काढलेले होते, उघड्या पिस्टनचा एकही नव्हता. गाडी हातात आली तेव्हा पेडल मऊ लागत होतं. “मास्टर सिलिंडर गेलाय सर,” म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग, असं म्हणून आणखी नऊ हजार घेतले. जुना मास्टर सिलिंडर मागितला तर म्हणे भंगारात गेला.

कात्रजहून गाडी टोइंगवाल्याने चिंचवडला नेली, एका वयस्कर मिस्त्रींकडे. त्यांनी डावं चाक काढलं, कॅलिपरवर टॉर्च मारली आणि हसले. “साहेब, हे बघा.” चंदेरी रंगाचा पापुद्रा कॅलिपरवरून डस्ट बूटवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रबरी आवरणावर, आणि तिथून थेट पिस्टनच्या कडेवर गेलेला, कुठेही तुटलेला नाही. म्हणजे ही बाजू उघडलेलीच नव्हती. आत गंज आणि काळा चिखल, पिस्टन जुनेच.

उजवी बाजू मात्र उघडली होती, आणि ते जास्त वाईट ठरलं. बूटच्या खाली रंग सालीसारखा सुटला होता. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे गळती कुठून ते लगेच दिसलं. तिथलेही पिस्टन मूळचेच, पण पॉलिश पेपरने घासलेले. वरचं क्रोम गेलेलं, आडव्या रेघांत नख अडकत होतं. मग त्यांनी खाचेतली सील काढून ब्लेडने कापली आणि किटमधल्या खऱ्या सीलचा तुकडा शेजारी ठेवला. खरी चौकोनी, माझी गोल. साधी ओ-रिंग, तीही फुगून ढिली पडलेली.

हा फरक मला त्या दिवशी कळला. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. पेडल दाबलं की ती चौकोनी सील पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते आणि पाय काढला की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे घेते. गोल रिंग ते काम करत नाही. त्यात ती चुकीच्या रबराची असेल किंवा सुटे भाग डिझेलमध्ये धुतले असतील, तर रबर फुगतं, पिस्टन अडकतो, पॅड डिस्कला घासत राहतात. चाक तापतं, ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं. हवेतली ओल शोषली की ही मर्यादा १५५पर्यंत उतरते. माझ्या गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल चहासारखं होतं. बिलात मात्र १ लिटर नवं ऑइल लावलेलं!

चिंचवडला मी स्टूल टाकून बसलो. हवेच्या दाबाने पिस्टन काढताना मिस्त्रींनी मध्ये लाकडाचा ठोकळा धरला, बोट नाही. प्रत्येक पिस्टनवरून नख फिरवायला लावलं. चारपैकी दोन वापरण्याजोगे निघाले, दोन नवे घातले. सील बसवताना फक्त ब्रेक ऑइल लावलं, ग्रीस नाही. किट, दोन पिस्टन, पॅड, ऑइल आणि मजुरी धरून ११,२०० रुपये झाले. जुने रबर त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, “एवढ्या जुन्या गाडीची गॅरंटी कोण देतं सर?” बिल कच्चं, वहीच्या कागदावर. पण पैसे मी यूपीआयने दिले होते आणि ‘चारही पिस्टन नवीन’ हे त्याने व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं होतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली, कापलेल्या सीलचा फोटो त्याला पाठवला. आठ दिवसांनी खात्यात पाच हजार जमा झाले, सोबत निरोप, “सर, आता मिटवा.” मास्टर सिलिंडरचं विचारलं, तेव्हापासून तो फोन उचलत नाही.